मांडव एकदाच

आमच्या दाजींना शिरूर अनंतपाळमध्ये दोन नावं आहेत. एक आधार कार्डावर आहे, ते पोस्टमनला माहीत असतं. दुसरं गावात चालतं, ते म्हणजे ‘मांडव एकदाच’. "मांडव एकदाच येऊन गेले का?" असं चहाच्या टपरीवर विचारलं की टपरीवाला न चुकता सांगतो, "आत्ताच गेले, पैसे महिन्याचे देऊन."

दाजी पुण्याच्या एका कंपनीसाठी जावास्क्रिप्ट लिहितात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बायकापोरांना घेऊन गावी आले आणि इथंच रमले. माडीवरच्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन, एक इन्व्हर्टर आणि खिडकीखाली शेजाऱ्याची म्हैस. मीटिंग चालू असताना म्हैस ओरडली की पुण्यातली पोरं गंभीरपणे विचारतात, "सर, हे कोण बोललं?" दाजी तितक्याच गंभीरपणे म्हणतात, "लोकल टीम."

त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. जगात कामं दोनच जातीची, एक मांडवाचं आणि एक पंगतीचं. मांडव एकदाच घालायचा, पंगती मग कितीही उठू द्या. "पण लोक काय करायलेत बगा पाव्हणे," असं म्हणून ते माझ्या मांडीवर थाप मारतात (थाप मात्र दरवेळी नव्यानं), "लोक हर पंगतीला नवा मांडव घालायलेत. मग म्हणतात, वेळ पुरंना!"

हे बोलून थांबले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. दाजी ते अंमलात आणतात. घरी येणारा प्रत्येक जण वाय-फायचा पासवर्ड विचारतो म्हणून त्यांनी तो ओसरीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून टाकला. अक्षर सुरेख, वर बारीक महिरप. आता तो बदलता येत नाही, कारण भिंत परत रंगवावी लागेल, आणि भिंत एकदाच रंगवायची असते. संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं आमच्या ताईच्या ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेली असतात. दाजींना त्याचंही काही वाटत नाही. "जोडणी एकदाच केली," म्हणतात, "वापरू द्या की."

सणांचंही तसंच. गुढीपाडव्याला सकाळी दाजींचा मेसेज येतो. पाडव्यापासून पुढच्या होळीपर्यंतच्या यच्चयावत सणांच्या शुभेच्छा एका दमात, खाली ओळ: ‘सदर मेसेज वर्षभर ग्राह्य धरावा.’ दिवाळीला मी हौसेनं पणतीचं चित्र पाठवलं, तर उत्तर आलं, ‘कृपया पाडव्याचा मेसेज पाहावा.’ ताई म्हणते, "ह्यांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा पाडव्यालाच दिल्यात."

या माणसाला हे वेड कुठून लागलं, याचा मी बराच विचार केला आहे. माझा संशय 1993 वर आहे. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दाजी आठ-नऊ वर्षांचे होते. शिरूर अनंतपाळ किल्लारीपासून लांब, पण धक्का लातूर जिल्ह्यातल्या घराघरानं खाल्ला आणि नंतर कितीतरी रात्री माळवदाखाली झोपायची कुणाची छाती झाली नाही. रोज संध्याकाळी बाजा, वाकळा, उशा, कंदील, पाण्याची कळशी असं सगळं अंगणात काढायचं आणि सकाळी परत आत न्यायचं. धाकटं पोरगं म्हणून उशा न्यायचं काम दाजींकडं. त्यांच्या आई सांगतात की एके दिवशी या पोरानं उशा उचलायला साफ नकार दिला. "एक तर आतच झोपा न्हाई तर बाहेरच ऱ्हावा," असं त्यानं सगळ्या घराला सुनावलं होतं. माझ्या मते दाजींचा पहिला प्रोग्राम तोच.

एका बाबतीत मात्र गावानंच त्यांना हरवलं आहे. महाराष्ट्रात शिरूर काही थोडी नाहीत. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर, बीडमध्ये शिरूर कासार, आणि इथं लातूर जिल्ह्यातच अहमदपूरकडं शिरूर ताजबंद. दाजींनी मागवलेला कीबोर्ड आधी घोडनदी बघून आला. फोनवर त्यांना प्रत्येक कुरिअरवाल्याला नव्यानं सांगावं लागतं: "अनंतपाळ. न्हाई, कासार न्हाई. निलंग्याच्या अलीकडं. हाव, लातूर जिल्हा." फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा हर पंगतीला मांडव घालणाऱ्या माणसासारखा झालेला असतो.

आता पट्टीची गोष्ट सांगतो. दाजी सोन्यासारखे का आणि डोकेदुखी का, हे दोन्ही तीत आहे.

त्यांच्या ओळखीतल्या एका आडत दुकानदाराला संगणकावर हिशोबपट्टी काढायची होती. शेतकऱ्यानं सोयाबीन आणलं, काटा झाला, की वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई वगैरे वजा, आणि हातात छापील पट्टी. दाजी म्हणाले, पैसे नकोत, हुरड्याला बोलवा. रविवारी बसून त्यांनी ‘पट्टी’ नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे साचा. प्रत्येक शेतकऱ्यासाठी ‘न्यू’ म्हणायचं की त्या साच्यातून एक नवी पट्टी निघते, आणि निघताना क्लासमधला कन्स्ट्रक्टर नावाचा तुकडा चालतो. म्हणजे पंगत वाढायची ती इथं.

हाताखाली शिकायला एक भाचा होता. त्यानं उत्साहात गावांची यादी, हमालीचे दर, तोलाईचे दर, सगळं वाचून घ्यायचं काम त्या कन्स्ट्रक्टरमध्येच कोंबलं. यादी तीच, दर तेच, पण हर पट्टीला सगळी फाईल पहिल्यापासून वाचली जायची. दसरा झाला, सोयाबीनच्या गाड्या लागल्या आणि पट्टी निघायला इतका वेळ लागू लागला की शेतकरी मधल्या वेळात चहा पिऊन यायचे. दाजींनी कोड उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरं, पंगतीगणिक मांडव घातलायस की रं!"

त्यांचा पहिला उपाय जुन्या वळणाचा होता. क्लासवर एक खूण ठेवायची, ‘झालं’. खूण नसेल तर यादी वाचा आणि खूण करा, असेल तर पुढं चला. हे सोयाबीनपुरतं ठीक चाललं. जानेवारीत तुरी आल्या. तुरीचा हिशोब जरा वेगळा म्हणून मूळ पट्टीच्या पोटी ‘सोयाबीनपट्टी’ आणि ‘तूरपट्टी’ असे दोन पोटक्लास काढले होते. यादी परत दोनदा वाचली जाऊ लागली. खूण करताना ‘धिस’ असं लिहिलं होतं, आणि धिस म्हणजे ज्यानं हाक मारली तो. तूरपट्टीनं हाक मारली की खूण तूरपट्टीवर, सोयाबीनपट्टीनं मारली की सोयाबीनपट्टीवर. आई कोरीच. "दोन्ही लेकींनी आपापला मांडव घातला," दाजी म्हणाले, "आईच्या दारात असूनसुद्धा." धिसच्या जागी सरळ ‘पट्टी’ हे नाव लिहिल्यावर भांडण मिटलं.

पण दाजींना ती खूणच डोळ्यांत सलत होती. झालं का, झालं का, असं हर पंगतीला विचारायचं म्हणजे मांडव घातलाय का बघायला माणूस ठेवण्यासारखं. त्यांचं समाधान झालं ते स्टॅटिक ब्लॉकनं. जावास्क्रिप्टच्या 2022 च्या मानकात ही सोय आली. क्लासच्या आत ‘स्टॅटिक’ लिहायचं आणि पुढं महिरपी कंस. त्या कंसात जे असेल ते क्लास पहिल्यांदा वाचला जातो तेव्हा चालतं, एकदाच. पुढं हजार वेळा न्यू म्हणा, त्याला पुन्हा जाग येत नाही. पोटक्लास काढले तरी आईचा ब्लॉक परत चालत नाही. क्लासच्या खासगी खणातही त्याला हात घालता येतो. ब्रेंडन आयिकनं 1995 मध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली म्हणतात. क्लास हा शब्द तिच्यात यायला 2015 उजाडलं, आणि एकदाच करायच्या कामाला क्लासच्या आत स्वतःची जागा मिळायला आणखी सात वर्षं. दाजी हा इतिहास असा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मुक्तिसंग्रामाचं चाललंय. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मुलगा झाला का, असं कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "न्हाई, ब्लॉक झाला."

पेढे पचले नाहीत तोच आडत्याला दुसरं सुचलं. त्यानं दरांची यादी नेटवर ठेवली, म्हणजे घरूनही बदलता येईल. नेटवरून काही आणायचं तर थांबावं लागतं, आणि स्टॅटिक ब्लॉकमध्ये ‘अवेट’ म्हणजे थांबा म्हणायला परवानगी नाही. मग परत खूण आली. यादी आली की ‘झालं’ लिहायचं. दुकानात मुनीम दोन, काउंटर दोन, प्रोग्राम मात्र एकच. सकाळी दोघांनी एकदम पट्टी मागितली. पहिल्यानं यादी आणायला धाडलं, ती वाटेत होती, खूण अजून कोरी. दुसऱ्यानं बघितलं, खूण नाही, त्यानंही धाडलं.

हे कळल्यावर दाजी जेवले नाहीत. ताईनं फोन केला, "ह्यांना कायतरी झालंय, ताटावरून उठले." मी गेलो तर दाजी माडीवर येरझाऱ्या घालत होते. मला बघून एकदम थांबले. "पाव्हणे, मंडपवाला सामान घेऊन निघाला. आता मांडव उभा न्हाई म्हणून दुसऱ्या मंडपवाल्याला फोन लावाल का?" मी म्हणालो, नाही. "का न्हाई?" मी म्हणालो, पहिल्याला सुपारी दिलीय म्हणून. दाजींनी मला मिठीच मारली. आमच्या सोयरिकीतली ही पहिली मिठी.

मांडव पूर्ण झाला की लिहून ठेवायचं, यात चूक होती. सुपारी दिली, हेच लिहून ठेवायचं. जावास्क्रिप्टमध्ये त्या सुपारीला प्रॉमिस म्हणतात. यादी यायच्या आधीच, मागितल्याक्षणी, प्रॉमिस खणात ठेवलं की दुसरा मुनीम खण उघडतो, सुपारी बघतो आणि त्याच सुपारीवर थांबतो. तीन ओळींचं काम. दाजी खाली येऊन दोन भाकऱ्या जास्त जेवले.

चार दिवसांनी दुकानातून फोन. सकाळी नेट गेलं होतं, दहा मिनिटांत आलं, पण पट्टी दिवसभर निघेना. सुपारी मोडली होती आणि मोडलेली सुपारीच खणात जपून ठेवलेली होती. जो येईल त्याला तीच दाखवली जायची. दाजींनी आणखी एक ओळ घातली: मोडली तर खण रिकामा करा. यावर त्यांचं भाष्य असं, "एकदाच म्हणजे एकदा ‘होईपर्यंत’." त्या ‘होईपर्यंत’वर त्यांनी बोट आपटलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस थोडा मोठा झाला.

शेवटचा फटका आडत्यानं मारला. हमालीचे दर बदलले, त्यानं नेटवरची यादी सुधारली, आणि पट्टीवर जुनेच दर येत राहिले. हमाल खवळले. दाजी म्हणाले, प्रोग्राम चालू झाला की यादी एकदाच येते. तुम्ही संगणक रात्री बंद करून सकाळी चालू करा, आपोआप नवे दर येतील. आडत्यानं हात जोडले. "दाजी, ज्या मशिनीवर लक्ष्मी येती ती बंद कशी करावं?" यावर दाजींकडं उत्तर नव्हतं. तिथं तारीख बदलली की यादी नव्यानं मागायची, असं करून दिलं. म्हणजे मांडव रोजचा झाला. हे वाक्य मी त्यांच्यासमोर बोलत नाही.

खरं तर त्यांचं ‘एकदाच’ किती ठिसूळ असतं, हे गावातल्या विजेला सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. लाइट गेली, इन्व्हर्टर दमला, प्रोग्राम बंद पडला, की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. ब्राउझरचे दोन टॅब उघडा, दोन्हीकडं एकेकदा, म्हणजे मिळून दोनदा. दाजींना हे पाठ आहे. पण कुणी मुद्दाम दोनदा करतं म्हटलं की ते बिथरतात. रिऍक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची 18 वी आवृत्ती 2022 च्या मार्चमध्ये आली तेव्हा त्यांचा एकदाच चालायला पाहिजे असा तुकडा दोनदा चालू लागला. दोन रात्री ते स्वतःच्याच चुका शोधत बसले. मग कळलं की हा दोष नाहीच. स्ट्रिक्ट मोडमध्ये, प्रोग्राम बनवायच्या टप्प्यावर, रिऍक्ट जाणूनबुजून एकदा मांडते, मोडते आणि परत मांडते; मांडलेलं नीट आवरायला तुम्ही शिकलात का, ते बघायला. गिऱ्हाईकाकडं गेल्यावर असं करत नाही. "मुद्दाम! दोनदा! मुद्दाम!" दाजी जिन्यावर बसून म्हणत होते. ताई भाजी निवडत म्हणाली, "बरं झालं. मांडव सोडायला पण शिकवायलंय कुणीतरी." कारण दाजींनी उभं केलेलं काहीही या घरातून कधी हललेलं नाही. त्यांच्या लग्नातल्या दिव्यांच्या माळा अजून गच्चीच्या कठड्याला आहेत. दोन बल्ब लागतातसुद्धा.

दाजींचे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वर्षी दाजी भडकले होते, "एकदा सांगितलं की जिवंत हायत म्हणून! परत परत काय?" अण्णा कोट चढवत शांतपणे म्हणाले, "बाळा, ही गोष्ट बदलत असती." दाजी गप्प झाले. अण्णांना मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले, आणि तेव्हापासून दरसाल स्वतः नेतात. येताना दोघं भजी खातात. हे काम कन्स्ट्रक्टरमधलं आहे, असं त्यांनी लेखी मान्य केलं आहे, म्हणजे मला मेसेज केला.

वेळ अमावस्येला मात्र त्यांनी पुन्हा उचल खाल्ली. आमच्याकडं येळवसेला अख्खं गाव ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा झाली की रानाला आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, उंडे, आंबील यांवर आडवा हात मारायचा. आदल्या दिवशी कोप बांधताना दरवर्षी दाजींचे हात कापायचे. एका वर्षी त्यांनी लातूरहून लोखंडी अँगल आणले, वेल्डिंग करून, वर पत्रा ठोकून पक्की कोप उभी केली. तीन बाजूंनी बंद, रंग हिरवा. "आता दहा वर्षं बघायचं काम न्हाई." अमावस्येला त्यांच्या आई भज्जीचं पातेलं घेऊन बांधावर आल्या, त्या हिरव्या शेडकडं एकदा बघितलं आणि पातेलं खाली ठेवलं. "लक्ष्मी दरसाल नव्यानं येती. तिला टपरीत बसवतोस व्हय रं?"

अर्ध्या तासात शेजारच्या रानातून पेंढ्या आणून दुसरी कोप उभी राहिली. सगळ्यात पुढं दाजीच होते, हात परत कापून घेत. भज्जीचा आग्रह झाला की ते कुणाला नाही म्हणत नाहीत, आणि त्या दिवशी त्यांनी पाच वेळा वाढून घेतलं. ताईनं मोजलं, मी नाही. लोखंडी कोपेत सध्या मोटारीचा स्टार्टर आणि दोन शेळ्या सुखानं राहतात.

आडत्याचा तो पट्टीचा प्रोग्राम अजून चालू आहे. दाजींनी हात लावलेलं जे काही या गावात आहे, ते कायमचं बंद पडलेलं मी बघितलेलं नाही. तेव्हा तुमच्याही घरात असा कुणी दाजी, काका किंवा थोरला भाऊ असेल, तर बोअरची जोडणी, घराचं वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग बिनघोर त्याच्यावर सोपवा. फक्त आल्या पाहुण्याला चहा विचारायचं काम त्याच्याकडं देऊ नका. त्यानं ते मागल्या वर्षीच विचारून ठेवलेलं असतं.